सोसायटीत ३६ ईव्ही आल्या तर डीपी झेपेल का, आणि राज्याचं ग्रिड?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पुण्यात १३२ फ्लॅटची सोसायटी आहे, आवारात ६३० केव्हीए क्षमतेचा एक डीपी, म्हणजे सोसायटीला वीज उतरवून देणारा ट्रान्सफॉर्मर. आत्ता १६ इलेक्ट्रिक गाड्या आहेत आणि आणखी २० जणांचे चार्जिंग पॉइंटसाठी अर्ज आलेत. कमिटीतले काही जण म्हणतात डीपी जळेल म्हणून परवानगी थांबवा, आणि एका ज्येष्ठ मेंबरांचं म्हणणं असं की उद्या सगळ्यांनीच ईव्ही घेतल्या तर महाराष्ट्रात परत लोडशेडिंग येईल, मग आपण कशाला त्यात भर घालायची. तुम्ही सेक्रेटरी आहात आणि रविवारी मीटिंग आहे.

मी २४ वर्षं वीज वितरणात काम केलंय, त्यातली शेवटची काही वर्षं जवळजवळ फक्त लोड स्टडी, म्हणजे कुठल्या फीडरवर (सबस्टेशनहून निघणाऱ्या लाइनवर) किती भार आहे, पाच वर्षांनी किती होईल, डीपी कुठे वाढवायचा, केबल कुठे बदलायची. त्यामुळे सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन वेगळे प्रश्न आहेत. राज्याच्या ग्रिडला, म्हणजे वीजनिर्मिती आणि तारांच्या सगळ्या जाळ्याला, झेपेल का हा एक, आणि तुमच्या आवारातल्या डीपीला आणि केबलला झेपेल का हा दुसरा. लोक दोन्ही एकत्र करतात आणि मग भीती नको तिथे वाटते, हवी तिथे वाटत नाही. माझ्या अनुभवात ईव्हीचा त्रास आधी शेवटच्या दोनशे मीटरमध्ये दिसतो, मीटर रूममध्ये, पार्किंगच्या बोर्डात, डीपीच्या एलटी, म्हणजे कमी दाबाच्या, बाजूला. राज्यापर्यंत तो खूप उशिरा पोचतो, आणि तिथे प्रश्न वीज किती लागेल हा नसतोच, किती वाजता लागेल हा असतो.

आधी राज्याचं बघू. एक गाडी महिन्याला हजार किलोमीटर फिरते असं धरा, पुण्यात ऑफिसला जाणाऱ्या माणसाचं साधारण तेवढंच होतं. मधल्या आकाराची गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते, चार्जिंगमध्ये थोडी वीज उष्णता होऊन जाते ती धरून महिन्याला १५० ते १७० युनिट. आता राज्यात अशा दहा लाख गाड्या आल्या असं समजा. दिवसाला साधारण ५० ते ५५ लाख युनिट लागतील. ऐकायला प्रचंड वाटतं पण महाराष्ट्र रोज ५० कोटी युनिटच्या वर वीज वापरतो, म्हणजे दहा लाख गाड्या मिळून एक टक्क्याच्या आसपास. एवढी वाढ तर एका कडक उन्हाळ्यात नुसत्या एसीमुळे होते. ३० मे २०२४ ला उत्तर भारतात उष्णतेची लाट होती तेव्हा देशाची मागणी २५० गिगावॉटला टेकली होती आणि ती पुरवली गेली. त्यामुळे युनिटच्या हिशोबात ग्रिड ईव्हीमुळे कोसळत नाही, हे मीटिंगमध्ये ठामपणे सांगा.

पण त्याच दहा लाख गाड्या सगळ्यांनी संध्याकाळी साडेसातला घरी येऊन एकदम प्लगला लावल्या तर? घरचा साधा १५ अँपिअरचा पॉइंट ३.३ किलोवॉट घेतो, म्हणजे ३,३०० मेगावॉट. कोयनेची सगळी जनित्रं पूर्ण चालवली तरी १,९६० मेगावॉट मिळतात. आणि भिंतीवरचे ७.२ किलोवॉटचे चार्जर असतील तर ७,२०० मेगावॉट. गाड्या त्याच, किलोमीटर तेवढेच, युनिटही तेवढेच, फक्त सगळ्यांनी एकाच वेळी मागितले. सगळे एकदम लावत नाहीत हे खरं, दहा लाखातले एका क्षणी वीस टक्के जरी चालू असले तरी साध्या पॉइंटवर ६६० मेगावॉट होतात, तेवढे सांभाळता येतात. पण हे वीस टक्के राहणार की पन्नास होणार, हे लोकांच्या सवयीवर ठरतं, आणि सवय एकदा लागली की सुटत नाही.

संध्याकाळ का वाईट हे सांगते, कारण पाच-सात वर्षांपूर्वी एवढी वाईट नव्हती. हल्ली दिवसा सोलर भरपूर आहे. महाराष्ट्रात शेतीपंपांना पूर्वी आलटून पालटून रात्री वीज असायची, मोटर चालू करायला शेतकरी रात्री दोनला बॅटरी घेऊन बांधावरून जायचा, आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून तो भार दिवसाकडे सरकवणं चालू आहे. त्यामुळे राज्याची मागणी बऱ्याचदा दुपारीच सगळ्यात जास्त दिसते, पण दुपारी सूर्यही हजर असतो. खरी धावपळ सूर्य मावळताना. सोलर तासा-दीड तासात शून्यावर येतं आणि त्याच वेळी घराघरातले दिवे, टीव्ही, मिक्सर, गिझर, एसी चालू होतात. कळव्याला राज्याचं भार प्रेषण केंद्र आहे, तिथे बसलेल्या माणसाला तेव्हा औष्णिक संच वर न्यायचे असतात जे सावकाश चढतात, कोयना चालू करायची असते जी मिनिटांत येते, घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प (पाणी वर चढवून ठेवून हवं तेव्हा वीज करणारा) असतो, बाजारातून महाग वीज घ्यायची असते, आणि हे सगळं करताना फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या आसपास, ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात राहील हे बघायचं असतं. कोयनेचं पाणी पण अमर्याद नाही, पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे, म्हणून ते पाणी अशा तासांसाठी जपून वापरतात. त्या तासात तुमची गाडी ३.३ किलोवॉट मागते ती वीज सगळ्यात महाग आणि सगळ्यात ओढाताणीची असते. तीच गाडी रात्री एकला किंवा दुपारी बाराला लावली तर कुणाला कळतसुद्धा नाही.

कॅलिफोर्नियात सप्टेंबर २०२२ च्या उष्णतेच्या लाटेत लोकांना हीच विनंती केली होती, दुपारी चार ते रात्री नऊ ईव्ही चार्ज करू नका. त्यावर आपल्याकडे फॉरवर्ड फिरले की बघा, ईव्ही आणल्या आणि वीज संपली. विनंती फक्त पाच तासांची होती, बाकीचे एकोणीस तास खुशाल लावा असाच त्याचा अर्थ. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी जवळजवळ ८९ टक्के पूर्ण इलेक्ट्रिक होत्या आणि तिथलं ग्रिड चालू आहे. पण नॉर्वेचं उदाहरण जसंच्या तसं इथे लावू नका, तिथे घरं विजेवर गरम करतात म्हणून प्रत्येक घराला जाडजूड केबल आधीपासून आहे. आपल्याकडे १९९८ साली बांधलेल्या बिल्डिंगमध्ये दोन ट्यूबलाइट, फ्रिज आणि एक गिझर एवढं धरून केबल टाकलेली असते. त्यामुळे आपली अडचण खालच्या टोकाला जास्त.

सरकारने हे दराच्या मार्गाने सोडवायचा प्रयत्न केलाय. २०२३ साली केंद्राने ग्राहक हक्काच्या नियमांत टाइम ऑफ डे दर आणले. दिवसातले आठ तास सोलर अवर्स, ते राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो, त्यात दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी आणि पीकला, म्हणजे सगळ्यात जास्त मागणीच्या वेळी, जास्त. शेती सोडून बाकी ग्राहकांना हे १ एप्रिल २०२५ पासून लागू व्हायचं होतं, पण त्याला स्मार्ट मीटर लागतो. तुमच्या सोसायटीत स्मार्ट मीटर बसलाय का आणि बिलावर स्लॉटप्रमाणे युनिट दिसतात का ते बघा. माझं स्पष्ट मत आहे की दहा जाहिराती देऊन होणार नाही ते बिलावरच्या दीड-दोन रुपयांच्या फरकाने होतं.

आता तुमचा डीपी, ज्यासाठी तुम्ही मुळात विचारलंय.

६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर ४३३ व्होल्टला प्रत्येक फेजवर साधारण ८४० अँपिअर देतो. तुमचा भार आत्ता किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि उत्तर बरंचसं त्यावरच अवलंबून आहे, म्हणून समजा धरून चालते. गाड्या सोडून मे महिन्यात रात्री नऊला प्रत्येक फेजवर ५६० अँपिअर आणि रात्री दोनला २५०. मी ट्रान्सफॉर्मर कधी काठोकाठ भरत नाही, ८० टक्क्यांवर थांबते, म्हणजे ६७०. तर रात्री नऊला तुमच्याकडे फेजला ११० अँपिअर शिल्लक, तिन्ही मिळून ७६ किलोवॉट. रात्री दोनला फेजला ४२० शिल्लक, म्हणजे जवळजवळ २९० किलोवॉट.

आता मागणी बघा. ३६ गाड्या, सगळ्यांकडे ७.२ किलोवॉटचा चार्जर आणि सगळे नऊला चालू, तर २५९ किलोवॉट, फेजला आणखी ३७५ अँपिअर, एकूण ९३५, डीपी ओव्हरलोड, तुमचे कमिटी मेंबर बरोबर. ३६ गाड्या साध्या ३.३ च्या पॉइंटवर सगळ्या नऊला, ११९ किलोवॉट, डीपी जळणार नाही पण माझी ८० टक्क्यांची रेघ ओलांडली. आणि प्रत्यक्षात गरज किती आहे? दिवसाला ३३ किलोमीटर, म्हणजे गाडीला साडेपाच युनिट. ३६ गाड्यांना १९८ युनिट. ते रात्री बारा ते सहा अशा सहा तासांत पसरले तर लागतात फक्त ३३ किलोवॉट! २५९ आणि ३३, एवढा फरक, आणि सकाळी सगळ्या गाड्यांमध्ये चार्ज तेवढाच. मीटिंगमध्ये फळ्यावर हे दोन आकडे लिहा, बाकी वाद तिथेच कमी होईल.

त्यामुळे मी सोसायट्यांना ७.२ चा चार्जर टाळायला सांगते. शोरूमवाले गाडीबरोबर देतात, लोकांना वाटतं जास्त किलोवॉट म्हणजे चांगलं. गाडी रात्री दहा तास उभीच आहे, ३.३ ने दहा तासांत ३० युनिट जातात, म्हणजे दीड-दोनशे किलोमीटर, एवढं रोज कोण चालवतं. टॅक्सी किंवा डिलिव्हरीची गाडी असेल तर वेगळी गोष्ट, तिला वेगळा विचार करा. स्कूटरची तर काळजीच नको, तिची बॅटरी दोन ते चार युनिटची असते, लोड इस्त्रीएवढाच.

पण रात्री लावा म्हटलं की झालं असंही नाही, इथे दोन खाचखळगे आहेत.

पहिला, ट्रान्सफॉर्मरला रात्रीची विश्रांती लागते. तो दिवसभर आणि संध्याकाळी तापतो आणि पहाटे भार कमी झाला की तेल थंड होतं. आतल्या वाइंडिंगवर कागदाचं इन्सुलेशन असतं आणि ट्रान्सफॉर्मरचं आयुष्य म्हणजे त्या कागदाचं आयुष्य. साध्या कागदासाठी आम्ही धरतो ते गणित असं की आतल्या सगळ्यात गरम जागेचं तापमान ९८ अंशांच्या वर गेलं की पुढच्या प्रत्येक ६ अंशांना म्हातारपण दुपटीने वेगात येतं. पूर्वी रात्री बारानंतर लोड पडायचा, आता एप्रिल-मेमध्ये एसी पहाटे चारपर्यंत चालतात, त्यावर गाड्या आल्या तर थंड व्हायची वेळच उरत नाही. त्याने डीपी उद्या जळत नाही, पण २५ वर्षं टिकणारा १५ वर्षांत थकतो, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही कारण तो ओव्हरलोड कधीच झालेला नसतो. आमच्या प्लॅनिंगमध्ये पूर्वी नुसता पीक बघायचो, हल्ली चोवीस तासांचा आलेख बघावा लागतो आणि दरी, म्हणजे भार सगळ्यात कमी असतो ती वेळ, तीसुद्धा मोजावी लागते. तुमच्या केसमध्ये ३३ किलोवॉट म्हणजे फेजला ४८ अँपिअर, एवढ्याने काही होत नाही, पण शंभर गाड्या झाल्या की हा विषय येईल.

दुसरा खळगा टायमरचा. सगळ्यांना सांगितलं की बारानंतर स्वस्त आहे, की सगळे ॲपमध्ये बरोबर बारा टाकतात. मग बारा वाजून एक सेकंदाला ३६ चार्जर एकदम चालू, नऊची अडचण बाराला नेऊन ठेवली एवढंच. ही काल्पनिक भीती नाही, ब्रिटनने ३० जून २०२२ पासून घरगुती चार्जरला नियमच केलाय की सुरू होताना प्रत्येकाने आपापला दहा मिनिटांपर्यंतचा कुठलाही यादृच्छिक उशीर लावायचा, आणि चार्जर येतानाच पीकच्या वेळा टाळून सेट केलेला असायचा. सोसायटीत साधा उपाय म्हणजे विंगप्रमाणे वेळा वाटा, ए विंग साडेदहा, बी विंग बारा, सी विंग दोन. याहून चांगला उपाय लोड मॅनेजमेंट कंट्रोलर, तो मुख्य केबलवरचा करंट सतत मोजतो आणि उरलेली जागा चालू गाड्यांत वाटतो. रात्री नऊला जागा कमी तर प्रत्येकाला थोडं, रात्री दोनला भरपूर तर सगळ्यांना पूर्ण. ३६ पॉइंटसाठी मी हाच सांगेन, आणि चार्जर विकत घेतानाच तो कंट्रोलरशी बोलू शकणारा घ्यायला लावा, नाहीतर दहा कंपन्यांचे दहा चार्जर जमतात आणि कुणाचा कुणाला पत्ता नसतो.

आता एक प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट सांगते, कारण अशा ठिकाणी डीपीपेक्षा जास्त धोका कशाचा असतो ते त्यातून कळेल. साधारण तुमच्यासारखीच सोसायटी, थोडी लहान, ३१५ केव्हीएचा डीपी, म्हणजे फेजला ४२० अँपिअर. तक्रार अशी होती की रात्री दिवे मिणमिणतात आणि मीटर रूममध्ये जळका वास येतो. कमिटीने डीपी मोठा करायचं ठरवलं होतं, कोटेशन पण आलं होतं. मी रात्री अकराला टाँग टेस्टर (तारेभोवती धरून करंट मोजायचा चिमटा) घेऊन गेले. आर, वाय आणि बी या तीन फेजपैकी आर ३१० अँपिअर, वाय १४०, बी १६५. ४२० च्या मानाने सगळं आत, डीपीला काहीच झालेलं नव्हतं. मग न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेला, टाँग लावला आणि तिथे १६० अँपिअर! पार्किंगमध्ये ११ गाड्या लागलेल्या होत्या आणि सगळ्यांचे पॉइंट सोयीचा पडला म्हणून आर फेजवर. एकेक गाडी १४ अँपिअर, अकरा म्हणजे दीडशेच्या वर, ते सगळं एका फेजवर जाऊन न्यूट्रलमधून परत येत होतं. आणि आपल्याकडच्या साडेतीन कोअरच्या केबलमध्ये न्यूट्रल निम्म्या जाडीचा असतो, त्याचा ॲल्युमिनियमचा लग, म्हणजे तारेच्या टोकाचा जोड, सैल होता. हात जवळ नेला तर धग लागत होती, लगशेजारचं इन्सुलेशन तपकिरी होऊन कडक झालेलं, बोट लावलं असतं तर खपली निघाली असती.

तो लग सुटला असता तर काय झालं असतं ते नीट समजून घ्या. न्यूट्रल तुटला की प्रत्येक फेजला २३० राहत नाही, जिथे लोड कमी तिथे व्होल्टेज चढतं, तीनशेच्या वर जाऊ शकतं, आणि त्या फेजवरच्या घरांतले फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीनचे बोर्ड एका झटक्यात जातात. ज्यांच्याकडे ईव्ही नाही त्यांच्याच घरातलं सामान जळालं असतं, आणि मग त्या सोसायटीत पुन्हा कुणी ईव्हीचं नाव काढू दिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सप्लाय बंद करून आम्ही लग कापून नवा दाबून बसवला आणि अकरा पॉइंट चार-चार-तीन असे तिन्ही फेजवर वाटले. त्या रात्री परत मोजलं, २०९, १९७, २०८, आणि न्यूट्रलवर १२. डीपी तोच, केबल तीच, गाड्या त्याच. इलेक्ट्रिशियनची अर्ध्या दिवसाची मजुरी. डीपी बदलायचं कोटेशन फाइलला राहिलं.

म्हणून तुम्हाला म्हणते, परवानगी थांबवू नका, परवानगीला अटी घाला. थांबवलं तर काय होतं तेही मी बघितलंय. लोक चौथ्या मजल्यावरून एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडतात, पावसात तो जमिनीवर पडलेला असतो आणि ६ अँपिअरच्या पिनमधून १४ अँपिअर आठ तास जात असतात. मिक्सर दोन मिनिटं चालतो म्हणून त्या पिनवर निभावतं, गाडी रात्रभर ओढते. घरातल्या कुठल्याच उपकरणाची ही सवय नाही, सलग सात-आठ तास पूर्ण लोड, म्हणून ईव्हीच्या पॉइंटला सैल स्क्रू माफ नसतो.

शिवाय कायद्यानेही तुम्हाला नुसतं नाही म्हणता येणं अवघड आहे. ग्राहक हक्काच्या त्याच नियमांच्या फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीपासून ईव्ही चार्जिंगसाठी ग्राहकाला वेगळी जोडणी मागता येते. आणि नव्या बांधकामांसाठी तर मॉडेल बिल्डिंग बायलॉजमध्ये २०१९ सालीच पार्किंगच्या २० टक्के जागेला चार्जिंगची सोय धरायला सांगितलंय. जुन्या सोसायटीने आपण होऊन नीट केलं तर बरं.

अटी कुठल्या घालायच्या ते प्रत्येक सोसायटीत वेगळं, पण या मी सोडत नाही. पॉइंट मीटरमधून घेतलेला असावा आणि मंजूर भार वाढवून घेतलेला असावा, तुम्ही भार कळवला नाही तर वितरण कंपनीच्या कागदावर ती गाडी नसतेच आणि त्यांचं प्लॅनिंग चुकतं. प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की बंद करणारा स्विच) आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की बंद करणारा). अर्थिंग मोजून घ्या, खड्डा दिसतो म्हणून अर्थिंग आहे असं धरू नका. पॉइंट कुठल्या फेजवर दिला त्याची एक वही मीटर रूममध्ये लटकवा, नवा आला की सगळ्यात हलक्या फेजवर. चार्जर आयएस १७०१७ या भारतीय मानकाप्रमाणे असावा. आणि महत्त्वाचं, प्रत्येकाने आपली केबल आपण ओढायची हे बंद करा, सोसायटीने एक तीन फेजची चांगली केबल आणि पार्किंगमध्ये एक पॅनेल एकदाच टाकावं, ३६ नाही तर ६० पॉइंट धरून, खर्च सगळ्या अर्जदारांत वाटावा. आज सोळा जणांनी सोळा केबल ओढल्यात तर पुढच्यांना भिंतीवर जागाच राहणार नाही.

तुमच्या ज्येष्ठ मेंबरांच्या प्रश्नाकडे परत येते, कारण त्यांची काळजी चुकीच्या जागी असली तरी काळजी खरी आहे. ग्रिडच्या प्लॅनिंगमध्ये मला व्यक्तिशः घरगुती गाड्यांपेक्षा दोन गोष्टी जास्त अवघड वाटतात. एक बस डेपो. पुण्यात पीएमपीएमएलने २०१९ मध्ये भेकराईनगर आणि निगडी डेपोतून इलेक्ट्रिक बस सुरू केल्या तेव्हापासून हे सगळे बघतोय. शंभर बसचा डेपो धरा, बसला दिवसाला दोनशे युनिट, रात्रीत वीस हजार युनिट भरायचे, सहा तास मिळाले तर सव्वातीन-साडेतीन मेगावॉट. त्याला गल्लीतला डीपी नाही, सबस्टेशनहून वेगळा हाय टेन्शन फीडर लागतो, आणि फीडर म्हणजे रस्ता खोदाईची परवानगी, केबल, ब्रेकर, कधी सबस्टेशनमध्ये पॉवर ट्रान्सफॉर्मरच मोठा करावा लागतो. बस सहा महिन्यांत येतात, सबस्टेशनला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. पण डेपोचं चांगलं हे की एक मालक, एक वेळापत्रक, त्यामुळे नीट बोलणं झालं तर लोड अगदी सपाट ठेवता येतो.

दुसरी, हायवेवरचे फास्ट चार्जर. समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. अशा रस्त्यावर मध्येच कुठेतरी १२० किलोवॉटच्या चार चार्जिंग गन लावल्या की ४८० किलोवॉट, आणि शेजारून जाणारा ११ केव्हीचा फीडर मूळ शेतीसाठी टाकलेला असतो, लांबलचक आणि बारीक तारेचा. लाँग वीकेंडला चारही गन एकदम चालू, इतर दिवशी दुपारभर एकही गाडी नाही. फीडरच्या टोकाला व्होल्टेज पडतं आणि तिथल्या गावातल्या मोटरी घोंघावायला लागतात. तिथे चार्जरजवळ मोठी बॅटरी ठेवायची, ती दुपारी सोलरच्या वेळात सावकाश भरायची आणि गाडी आली की झटकन द्यायची, हाच मला पटणारा मार्ग आहे, खर्च आहे पण वीस किलोमीटर तार बदलण्यापेक्षा बऱ्याचदा परवडतो.

आणि घरगुती गाड्यांचं अवघड काय, तर त्या समान पसरत नाहीत. राज्याची सरासरी काढून काही कळत नाही. एका सोसायटीत एकाने घेतली की शेजारी बघतो, विचारतो, चालवून बघतो आणि सहा महिन्यांत त्याच विंगमध्ये चार येतात, आणि दोन चौक पलीकडे एकही नसते. आरटीओला गाडी कुणाच्या पत्त्यावर आहे हे माहीत असतं, वितरण कंपनीला तो पत्ता कुठल्या डीपीवर आहे हे माहीत असतं, पण हे दोन कागद एकत्र ठेवून बघितले तरच कुठला डीपी आधी भरणार ते कळतं. म्हणून भार कळवा म्हणून मी एवढी मागे लागते.

गाडीतून उलटी वीज ग्रिडला देण्याबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. तांत्रिकदृष्ट्या होतं, पण त्याला तशी गाडी, तसा चार्जर, तसा मीटर आणि दर सगळंच लागतं, तुमच्या सोसायटीने आज त्यासाठी थांबू नये. गाडी योग्य वेळी चार्ज केली तरी ग्रिडला त्यातला बराचसा फायदा मिळतो. आणि ज्यांची ऑफिसं चार्जिंग देतात त्यांनी दुपारी तिथेच लावावी, सोलरची वीज तेव्हाच असते आणि तुमच्या डीपीवर भारच येत नाही.

रविवारच्या मीटिंगआधी एवढं करा. आजपासून रोज संध्याकाळी साडेसात, रात्री नऊ, अकरा आणि जमलं तर दोन वाजता, आर, वाय, बी आणि न्यूट्रल असे चार आकडे तुमच्या इलेक्ट्रिशियनकडून मुख्य केबलवर टाँग टेस्टरने लिहून घ्या, पॅनेल त्यालाच उघडू द्या, तुम्ही फक्त वही धरा. त्या वेळी किती गाड्या लागलेल्या होत्या ते शेजारी लिहा. लगच्या जागा तपकिरी झाल्यात का, वास येतो का ते बघायला सांगा, आणि तसं असेल तर मीटिंगची वाट न बघता आधी ते दुरुस्त करा. हे आकडे, डीपीच्या नेमप्लेटचा फोटो आणि मुख्य केबल किती स्क्वेअर एमएमची आहे एवढं इथे टाका, किती पॉइंट आत्ता देता येतील आणि कुठल्या फेजवर, ते मी हिशोब करून सांगते.